नववीतल्या मुलीचा हप्ता आईच्या खात्यापर्यंत कसा पोचतो: बडोद्यात नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी

मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीच्या आसपास किंवा वाघोडिया रस्त्याच्या बाजूला कामधंद्यासाठी येऊन राहिलेली खानदेशातली आणि मराठवाड्यातली कुटुंबे जून महिना लागला की एकच प्रश्न घेऊन येतात. मुलगी आठवी पास झाली आहे, इथे नववीपासून मुलींना शाळेसाठी पैसे मिळतात असे शेजारीण सांगते, तर ते आपल्याला मिळतील का आणि त्यासाठी कोणत्या कचेरीत जावे लागेल? हे पैसे गुजरात सरकारच्या नमो लक्ष्मी योजनेचे. दांडिया बाजाराच्या परिसरात आम्ही काही जण रविवारी सकाळी लोकांना अर्ज लिहून द्यायला बसतो, आणि या प्रश्नाचे उत्तर इतक्या वेळा द्यावे लागले की ते एकदा नीट लिहून काढावे असे वाटले. आमच्यासमोर उघडलेल्या पासबुकांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवली आहे: मुलीचा हप्ता बहुतेक वेळा शाळेत अडत नाही, तो आईच्या बँक खात्यापाशी अडतो. म्हणून खात्याचा भाग मी मुद्दाम विस्ताराने लिहिला आहे आणि बाकीचे भाग जमेल तितके आटोपते घेतले आहेत.

योजना नेमके काय देते

गुजरात सरकारने २०२४-२५ च्या अंदाजपत्रकात नमो लक्ष्मी योजना जाहीर केली आणि मार्च २०२४ मध्ये तिचा आरंभ झाला. नववी ते बारावी या चार वर्षांत एका मुलीला एकूण ५०,००० रुपये मिळतात. नववीत आणि दहावीत दर वर्षी १० महिने, महिन्याला ५०० रुपये याप्रमाणे दोन वर्षांचे १०,००० रुपये होतात, आणि दहावीची बोर्डाची परीक्षा पास झाल्यावर आणखी १०,००० रुपये एकरकमी मिळतात. अकरावीत आणि बारावीत हीच मासिक रक्कम ७५० रुपये होते, म्हणजे दोन वर्षांचे १५,००० रुपये, आणि बारावी पास झाल्यावर आणखी १५,००० रुपये.

हा हिशेब घरी वहीत मांडून पाहावा असे मी प्रत्येक कुटुंबाला सांगतो, कारण तो मांडल्यावर एक गोष्ट आपोआप डोळ्यांत भरते: पन्नास हजारांपैकी बरोबर निम्मी रक्कम, म्हणजे २५,००० रुपये, दोन बोर्डांच्या निकालांवर ठेवलेली आहे. दहावीच्या वर्षी दिवाळीनंतर ‘आता घरी बस, धाकट्याला सांभाळ’ असे मुलीला सांगणाऱ्या घराला वाटत असते की आपण महिन्याच्या ५०० रुपयांवर पाणी सोडत आहोत. प्रत्यक्षात ते घर निकालानंतरचे १०,००० आणि पुढच्या दोन वर्षांचे ३०,००० रुपये सोडत असते.

पैसे आईच्या खात्यात जमा होतात. आई हयात नसेल तर ते मुलीच्या स्वतःच्या खात्यात येतात. दहा वर्षांवरील मुलीला स्वतःच्या सहीने चालवता येईल असे बचत खाते बँका उघडून देतात, त्यामुळे अशा मुलीने कोणाचे खाते वापरावे या काळजीत राहू नये.

ही योजना जातीवर आधारलेली नाही, आणि परराज्यातून आलेल्यांसाठी ही फार मोठी सोय आहे. महाराष्ट्रात काढलेला जातीचा दाखला गुजरात सरकारच्या आरक्षित प्रवर्गांच्या योजनांसाठी आपोआप चालत नाही, कारण अनुसूचित जाती-जमातींचे आणि मागासवर्गांचे लाभ ज्या त्या राज्याच्या यादीप्रमाणे मिळतात. नववीतल्या मुलींना सायकल देणारी सरस्वती साधना योजना किंवा प्रवर्गनिहाय शिष्यवृत्त्या यांच्या बाबतीत अनेक कुटुंबांची इथेच निराशा होते आणि मग ‘आपल्याला इथे काहीच मिळत नाही’ असे मानून ती नमो लक्ष्मीचीही चौकशी करत नाहीत. तसे करू नये.

पात्रतेचे तीन रस्ते आहेत. मुलीचे प्राथमिक शिक्षण सरकारी किंवा अनुदानित शाळेत झालेले असावे, किंवा शिक्षण हक्क कायद्याखाली मिळालेल्या प्रवेशावर ती खासगी शाळेत आठवीपर्यंत शिकलेली असावी, किंवा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ६ लाख रुपयांपर्यंत असावे. महाराष्ट्रातून आलेल्या मुलीची आधीची शाळा जिल्हा परिषदेची, नगरपालिकेची, अनुदानित की विनाअनुदानित होती हे शाळेत पहिल्याच भेटीत सांगावे, आणि त्यावर चर्चा लांबू नये म्हणून उत्पन्नाचा दाखला काढून ठेवावा. कारखान्यात किंवा बांधकामावर काम करणाऱ्या घराला ६ लाखांची मर्यादा आड येत नाही, आणि दाखला हातात असला की आधीच्या शाळेच्या प्रकारावरून वाद उरत नाही.

नववीपासूनच का

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याने ६ ते १४ या वयाच्या, म्हणजे पहिली ते आठवीच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. आठवी संपली की ते छत्र संपते. नेमक्या त्याच वेळी शाळा बदलते, नवी शाळा लांब पडते, रिक्षाचे पैसे लागतात, वह्या-पुस्तकांचा आणि गणवेशाचा खर्च वाढतो, आणि मुलगी घरकामाला उपयोगी पडण्याच्या वयात आलेली असते. ५०० रुपयांत हे सगळे भागत नाही, पण रिक्षाचा किंवा बसच्या पासाचा प्रश्न सुटू शकतो, आणि अनेक घरांत मुलीचे पाऊल नेमके त्याच प्रश्नावर अडलेले असते.

बडोद्यात राहणाऱ्याला इथला इतिहास माहीत असावा म्हणून एवढे सांगतो. सयाजीराव गायकवाड महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करून पाहिले आणि १९०६ मध्ये ते मुलग्यांबरोबर मुलींनाही साऱ्या संस्थानात लागू केले. त्या काळी मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होत असे. आज त्याच शहरात मुलीला शाळेत पाठवणाऱ्या आईच्या खात्यात राज्य पैसे भरते.

पहिली पायरी: शाळेतली नोंद

या योजनेसाठी पालकाला कोणत्याही कचेरीत स्वतंत्र अर्ज घेऊन जावे लागत नाही, हे सर्वांत आधी लक्षात घ्यावे. मुलीची माहिती शाळाच पोर्टलवर भरते. त्यामुळे ‘फॉर्म भरून देतो, पाचशे रुपये द्या’ असे म्हणणारा कोणी भेटला तर त्याला नम्रपणे नकार द्यावा, आणि आधारचा ओटीपी तर कोणालाच सांगू नये. चुकून सांगितला गेला आणि खात्यातून पैसे गेले, तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

शाळेने नोंद करावी यासाठी मुलगी त्या शाळेच्या पटावर पक्की असणे आवश्यक आहे, आणि राज्य बदलून आलेल्या मुलींच्या बाबतीत पहिली अडचण इथेच येते. देशभरातल्या शाळांची विद्यार्थी-नोंद आता यूडायस प्लस या एकाच व्यवस्थेत होते आणि तिथे प्रत्येक विद्यार्थ्याला ‘पेन’ नावाचा ११ अंकी कायमचा क्रमांक असतो. गावच्या शाळेने मुलीला आपल्या पटावरून मुक्त केले नाही तर बडोद्यातल्या शाळेला तिचे नाव आपल्याकडे ओढून घेता येत नाही. मुलगी रोज वर्गात बसते, हजेरीही लागते, पण संगणकाच्या लेखी ती अजून गावीच शिकत असते. म्हणून गाव सोडताना शाळा सोडल्याचा दाखला घ्याल तेव्हाच त्यावर पेन क्रमांक लिहिलेला आहे ना ते पाहावे, आणि ऑनलाइन नोंदीतूनही नाव मोकळे करावे अशी मुख्याध्यापकांना विनंती करावी. गाव सोडून आला असाल आणि हे राहिले असेल तर गावच्या शाळेला फोन करून काम होते. अशा प्रत्येक वेळी गावच्या गुरुजींनी एक-दोन दिवसांत नाव मोकळे करून दिल्याचा आमचा अनुभव आहे.

शाळेत जाताना मुलीचे आधार कार्ड, आईचे आधार कार्ड, मुलीचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आठवीचे गुणपत्रक, आईच्या पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, रहिवासाचा पुरावा आणि लागू असेल तर उत्पन्नाचा दाखला एवढे कागद एका पिशवीत घालून न्यावेत. आधारवर अजून गावचाच पत्ता असेल तर भाडेकरार घेऊन तो आधी बदलून घ्यावा. जो मोबाइल क्रमांक लिहून द्याल तो आईजवळ राहणारा असावा. वडिलांचा क्रमांक दिला आणि ते तिसऱ्या पाळीला असले की शाळेचा निरोप दोन दिवस पडून राहतो.

काही गुजराती शब्द, जे मराठी माणसाला फसवतात

लिपी जवळची आणि शब्द ओळखीचे, म्हणून आपण गुजराती फॉर्म समजला असे धरून चालतो आणि तिथेच चूक होते. शाळेच्या फॉर्मवर ‘धोरण’ लिहिलेले असते, त्याचा अर्थ इयत्ता. ‘धोरण ९’ म्हणजे इयत्ता नववी. ‘आवक’ हा शब्द आपण मार्केट यार्डातल्या कांद्याच्या आवकेसाठी वापरतो, इथे तो उत्पन्नासाठी आहे, आणि ‘आवकनो दाखलो’ म्हणजे उत्पन्नाचा दाखला. ‘आचार्य’ म्हणजे मुख्याध्यापक. ‘सोगंदनामुं’ म्हणजे प्रतिज्ञापत्र. ‘अटक’ असा रकाना दिसला तर दचकू नये, तिथे आडनाव लिहायचे असते. एक आई ‘अटक’ वाचून फॉर्म तसाच परत घेऊन आली होती, कारण घरातल्या कोणावर पोलीस केस आहे का असे विचारले आहे, अशी तिची समजूत झाली होती.

उत्पन्नाचा दाखला मामलतदार कचेरीच्या जनसेवा केंद्रातून मिळतो आणि डिजिटल गुजरात या पोर्टलवरूनही त्यासाठी अर्ज करता येतो. रेशन कार्ड, लाइट बिल, आधार, फोटो आणि पगाराची स्लिप किंवा उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र एवढे सोबत लागते. दाखला तीन वर्षे चालतो. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर तिथे गर्दी उसळते, तेव्हा एप्रिल-मे महिन्यांतच तो काढून ठेवावा.

दुसरी पायरी: आईचे खाते

आता मुख्य भाग. जळगाव जिल्ह्यातून आलेली एक ताई दिवाळीनंतरच्या रविवारी आमच्याकडे आली. ती पॅकिंगच्या कामावर होती. मुलगी नववीत, हजेरी चांगली, शाळेने नोंद केल्याचे सांगितले होते, पण बडोद्याच्या खात्याच्या पासबुकात जूनपासून एक पैसाही आलेला नव्हता. शाळा म्हणत होती की आमच्याकडून पैसे गेले. बँक म्हणत होती की आमच्याकडे आले नाहीत. दोन्हीकडे हेलपाटे घालताना तिचे चार दिवसांचे खाडे झाले होते. आम्ही तिच्याच मोबाइलवर माय आधार या संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे आधार कोणत्या बँकेशी जोडलेला आहे याची, स्थिती पाहिली, तर तिथे बडोद्याच्या बँकेचे नाव नव्हतेच. बचत गटासाठी गावी कित्येक वर्षांपूर्वी उघडलेल्या खात्याच्या बँकेचे नाव होते. त्या बँकेची शाखा बडोद्यात होती. सोमवारी तिने तिथे जाऊन जुने पासबुक छापून घेतले, तर त्यात पाचशे, पाचशे, पाचशे अशा तीन ओळी एकाखाली एक उमटल्या. पैसे पहिल्यापासून येत होते, फक्त ती पाहत नव्हती त्या खात्यात येत होते.

हे असे का होते ते समजून घेतले तर निम्म्या तक्रारी उरणार नाहीत. सरकारी लाभाची रक्कम आधारच्या आधाराने पाठवली जाते, तेव्हा आपण शाळेला कोणता खाते क्रमांक लिहून दिला यापेक्षा आपला आधार कोणत्या बँकेशी जोडून ठेवलेला आहे हे पाहिले जाते. ही जोडणी राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या एका यादीत असते आणि तिच्यात एका आधारसमोर एका वेळी एकाच बँकेचे नाव राहते. खाते उघडताना आपण आधारची प्रत दिलेली असते, त्यामुळे बँकेचा कर्मचारी ‘आधार लिंक आहे’ असे खरेपणानेच सांगतो. पण ती ओळख पटवण्यासाठीची नोंद झाली. लाभ जमा होण्यासाठीची जोडणी ही निराळी गोष्ट आहे, तिला सीडिंग म्हणतात आणि तिच्यासाठी खातेदाराला वेगळा संमतीचा अर्ज सही करून द्यावा लागतो. म्हणून बँकेत गेल्यावर ‘आधार लिंक आहे का’ असे विचारू नये. ‘डीबीटीसाठी (म्हणजे सरकारी लाभ थेट खात्यात येण्यासाठी) माझा आधार याच खात्याला सीड केलेला आहे का’ असे विचारावे.

जोडणी बडोद्याच्या खात्याकडे वळवायची तर इथल्या शाखेत तो संमतीचा अर्ज द्यावा, काही दिवसांनी माय आधारवर बदल दिसतो का ते पाहावे आणि मगच शाळेला कळवावे. मात्र एक गोष्ट आधी ठरवून घ्यावी. जोडणी बदलली की गॅसचे अनुदान आणि आईच्या नावावर येणारे इतर सारे सरकारी पैसेही याच नव्या खात्यात येऊ लागतात. गावी सासू त्या जुन्या खात्यावर अवलंबून असेल तर घरात आधी बोलणे झालेले बरे.

खाते झोपलेले असणे हे दुसरे कारण. जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाली आणि त्या सुमारास आपल्या बऱ्याच आयाबहिणींची शून्य शिलकीची खाती उघडली गेली. दोन वर्षे खातेदाराने स्वतः काही व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय गणले जाते, आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा केवायसी करून द्यावी लागते. कमी जोखमीच्या खात्यांसाठी ही मुदत दहा वर्षांची आहे, म्हणजे सुरुवातीच्या जनधन खात्यांची मुदत आता उलटून गेली आहे. जून महिन्यात आईने खात्यात शंभर रुपये भरावेत, त्यातले पन्नास काढावेत आणि केवायसी पुरी आहे का ते विचारून घ्यावे. एवढ्याने खाते जागे राहते.

बडोद्यात एक खास अडचण दिसते ती जुन्या पासबुकांची. महाराजांनी १९०८ मध्ये इथेच स्थापन केलेल्या बँक ऑफ बडोदामध्ये देना बँक आणि विजया बँक या दोन बँका १ एप्रिल २०१९ रोजी विलीन झाल्या आणि त्यांचे जुने आयएफएससी कोड, म्हणजे शाखा ओळखण्याचे क्रमांक, १ मार्च २०२१ पासून बंद झाले. ज्या आईकडे अजून देना बँकेचे पासबुक आहे तिने शाळेला त्याची प्रत देऊ नये. आधी नवे पासबुक घ्यावे, त्यावरचा नवा कोड पाहावा आणि मग प्रत द्यावी.

नावाचा घोळ

आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनाव तर बदलतेच, पण अनेक घरांत पाळण्यातले नावही बदलून नवे नाव ठेवले जाते. माहेरची सुनंदा सासरी आली की ज्योती होते. मग आधार कार्ड माहेरच्या नावाने, बँक खाते सासरच्या नावाने, आणि मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचे तिसरेच, घरात रुळलेले नाव. माणसांना ही तिन्ही नावे एकाच बाईची आहेत हे कळते, पण संगणकाला कळत नाही. याखेरीज आपण नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि मग आडनाव असे लिहितो, तर गुजरातेत आडनाव आधी लिहिण्याची रीत आहे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये भालेरावच्या शेवटी ‘ओ’ की ‘व्ही’, उज्ज्वलाला ‘डब्ल्यू’ की ‘व्ही’, शिंदेला ‘एच’ आहे की नाही, अशा एका अक्षरावरूनही नोंद परत येते.

यावर उपाय असा की आधार कार्ड हा पाया धरावा आणि बाकी सगळे कागद त्याच्याशी अक्षरशः जुळवावेत. आधारवरचेच नाव जुने असेल तर विवाह नोंदणीचा दाखला देऊन ते आधार केंद्रावर बदलून घेता येते. विवाहाची नोंदणी झालेलीच नसेल तर ती आधी करून घ्यावी, कारण या एकाच कामासाठी नाही तर पुढे पासपोर्टपासून वारसापर्यंत सगळीकडे ती लागते. पाळण्यातले नावच पूर्ण बदललेले असेल तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करण्याचा मार्ग आहे, पण त्याला वेळ लागतो. तेव्हा आईने आपले माहेरचे नाव परत घेऊन बँकेत तेच करावे हा सोपा रस्ता मी सुचवतो. काही नवऱ्यांना हे आवडत नाही. मला स्वतःला असे वाटते की मुलीच्या शिक्षणासाठी आईने आपले पहिले नाव परत घ्यावे यात कमीपणा काहीच नाही.

मुलीच्या आधारकडेही लक्ष द्यावे. वयाची १५ वर्षे पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्याने करणे सक्तीचे आहे आणि १५ ते १७ या वयात ते विनाशुल्क होते. मुलगी साधारण दहावीत असताना हे वय येते. परीक्षेच्या गडबडीत ते राहून जाते, म्हणून वाढदिवसानंतरच्या पहिल्या सुट्टीतच आधार केंद्रावर जाऊन यावे. आधारविषयी काही अडले तर १९४७ या क्रमांकावर विचारता येते.

तिसरी पायरी: हजेरी

अट ८० टक्के हजेरीची आहे. वर्गातली हजेरी रोज ऑनलाइन भरली जाते आणि ती राज्यातल्या शाळांवर लक्ष ठेवणाऱ्या गांधीनगरच्या विद्या समीक्षा केंद्रापर्यंत दिसते, त्यामुळे वर्गशिक्षिकेने मनात आणले तरी तिला त्यात फिरवाफिरव करता येत नाही, आणि तशी गळही तिला घालू नये. शाळेचे २५ दिवस भरलेल्या महिन्यात २० दिवस हजर राहावे लागते. गौरी-गणपतीला गावी गेलो आणि आठ दिवस राहिलो, तर हजेरी १७ दिवसांची, म्हणजे ६८ टक्के होते. सणाला जावे, पण मुलीला तीन-चार दिवसांत परत आणावे, किंवा मुक्काम दिवाळीच्या सुट्टीत ठेवावा, कारण ती सुट्टी गुजरातेत तीन आठवड्यांची असते.

गैरहजेरीच्या दुसऱ्या कारणाविषयी मुली स्वतः बोलत नाहीत, म्हणून मी लिहितो. पाळीच्या दिवसांत शाळेत जायला नको म्हणून दर महिन्याला चार दिवस घरी राहणाऱ्या मुली आहेत. २५ पैकी २१ दिवस म्हणजे ८४ टक्के, अट कशीबशी पाळली जाते, पण त्याच महिन्यात दोन दिवस ताप आला की ती मोडते. शाळेत पाणी आणि दाराला कडी असलेले स्वच्छतागृह आहे का, पॅड मिळतात का, हे आईने प्रवेशाच्या वेळीच बाईंना विचारावे. नसेल तर पालकसभेत चार आयांनी मिळून बोलावे. एकटीचे बोलणे तिथे राहून जाते.

हजेरीची अट अनेकांना जाच वाटते. बांगलादेशाने १९९४ मध्ये ग्रामीण भागातल्या माध्यमिक शाळांतील मुलींसाठी देशभर विद्यावेतन सुरू केले, तेव्हा ७५ टक्के हजेरी, परीक्षेत किमान ४५ टक्के गुण आणि लग्न झालेले नसणे अशा तीन अटी घातल्या होत्या, आणि त्या काळात तिथे माध्यमिक शाळांत जाणाऱ्या मुलींची संख्या झपाट्याने वाढली. घरात ‘आज राहू दे शाळा’ असे कोणी म्हणाले की मुलीला हिशेब पुढे करता येतो, हा अटीचा फायदा मी आमच्याकडे येणाऱ्या घरांतही पाहिला आहे. मात्र आजारपण खरे असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी शाळेत त्याच आठवड्यात द्यावी.

पैसे आले नाहीत तर

दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ५०० रुपये येतील असे धरून घरखर्च बसवू नये. दोन-तीन महिन्यांचे पैसे एकदम जमा झालेले आम्ही अनेक पासबुकांत पाहिले आहेत. शाळा सुरू होऊन तीन महिने उलटले आणि काहीच आले नाही, तर क्रम असा ठेवावा. आधी माय आधारवर सीडिंग कोणत्या बँकेला आहे ते पाहावे आणि त्या बँकेचे पासबुक छापून घ्यावे. तिथेही नसेल तर वर्गशिक्षिकेला भेटून पोर्टलवर मुलीच्या नावापुढे काय दिसते ते विचारावे: नोंद झालेलीच नाही, नोंद झाली पण मंजुरी बाकी आहे, की रक्कम पाठवली आणि बँकेने परत केली. या उत्तरांप्रमाणे उपाय बदलतात, म्हणून ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढ्या उत्तरावर परत फिरू नये. नोंद किंवा मंजुरी राहिली असेल तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. त्यानंतरही हालचाल झाली नाही तर तीच पोच जोडून जिल्हा शिक्षणाधिकारी कचेरीत अर्ज द्यावा. बँकेने रक्कम परत केली असेल तर शाळेशी भांडून उपयोग नाही, खाते किंवा नाव दुरुस्त करावे. अर्ज मराठीत लिहिला तर तो पुढे सरकत नाही, गुजरातीत लिहावा. ज्यांना येत नाही त्यांना मुलगीच लिहून देते.

याच वाटेवरच्या आणखी काही योजना

मुलगी अजून सातवी-आठवीत आणि सरकारी किंवा अनुदानित शाळेत असेल तर केंद्र सरकारची एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या गुणी मुलांसाठीची, शिष्यवृत्ती विसरू नये. आठवीत तिची परीक्षा होते, सातवीत ५५ टक्के गुण असावे लागतात, कुटुंबाचे उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत चालते, आणि निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. बुद्धिमत्ता आणि शालेय विषय अशा दोन भागांची ही परीक्षा आहे, आणि रोज अर्धा तास सराव केलेल्या साध्या मुलीही ती काढतात.

दहावीला ५० टक्क्यांहून जास्त गुण मिळवून विज्ञान शाखा घेणाऱ्यांसाठी नमो सरस्वती विज्ञान साधना योजना आहे. तिच्यात अकरावी-बारावीला १० महिने, महिन्याला १,००० रुपये आणि बारावी पास झाल्यावर ५,००० रुपये, असे दोन वर्षांत एकूण २५,००० रुपये मिळतात. तिचीही नोंद शाळेतूनच होते.

घरात धाकटी मुलगी असेल तर व्हाली दीकरी योजनेची चौकशी आजच करावी. २ ऑगस्ट २०१९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या आणि वार्षिक २ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींसाठी ती आहे. पहिलीत प्रवेश घेताना ४,००० रुपये, नववीत ६,००० रुपये आणि १८ वर्षे पूर्ण झाल्यावर १ लाख रुपये अशी तिची रचना आहे. अर्ज मात्र जन्मानंतर एका वर्षाच्या आत द्यावा लागतो, आणि या एका अटीमुळे कित्येक घरांची संधी गेलेली मी पाहिली आहे. गरोदरपणात अंगणवाडीत नाव घालाल तेव्हाच तिथल्या ताईंकडून फॉर्म मागून ठेवावा.

निकालानंतर

दहावीचा निकाल लागला की १०,००० रुपयांची वाट पाहताना दोन गोष्टी घडतात. काही घरे त्या उन्हाळ्यात भाड्याची खोली बदलतात आणि त्याबरोबर मोबाइल क्रमांकही. काही मुली अकरावीसाठी दुसऱ्या शाळेत जातात. शाळा बदलणार असाल तर जुन्या शाळेतून गुणपत्रक घेताना पोर्टलवर निकालाची नोंद झाली ना एवढे विचारावे, आणि नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात आईचे पासबुक पुन्हा दाखवून नोंद पुढे चालू करून घ्यावी. नववीला भरले होते म्हणजे अकरावीला आपोआप चालू राहील असे समजू नये.

बारावीनंतर तर जास्तच सांभाळावे लागते. मुलगी कॉलेजात जाते, शाळेशी संबंध सुटतो, आणि शेवटचे १५,००० रुपये अजून यायचे असतात. ते पासबुकात छापून येईपर्यंत आईने ते खाते बंद करू नये, सीडिंग दुसऱ्या बँकेकडे वळवू नये आणि खात्यात अधूनमधून थोडे पैसे भरत राहावे.